सावळाराम लक्ष्मण हळदणकर

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (२५ नोव्हेंबर १८८२ – ३० मे १९६८) हे मराठी चित्रकार आणि कलाशिक्षक होते. एस. एल. हळदणकर या नावाने ते अधिक परिचित आहेत. पारदर्शक जलरंगांवरील प्रभुत्व, व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे यांसाठी त्यांची ख्याती असून आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या मुंबईतील संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. हातातील दिव्याची ज्योत दुसऱ्या हाताच्या आडोशाने जपणाऱ्या स्त्रीचे ग्लो ऑफ होप या नावाने ओळखले जाणारे चित्र ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कलाकृती होय. ते म्हैसूर येथील जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. चित्राची लोकप्रियता चित्रकाराच्या नावापेक्षा कितीतरी अधिक पसरली. परिणामी अनेक प्रेक्षक आजही ते राजा रविवर्मा यांचे समजतात.

जन्म आणि शिक्षण

हळदणकरांचा जन्म सावंतवाडी येथे झाला. त्या काळी सावंतवाडी हे संस्थान होते. स्वातंत्र्यानंतर संस्थानाचे विलीनीकरण होऊन तो भाग रत्नागिरी जिल्ह्यात आला आणि १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यावर त्या जिल्ह्यात गेला. म्हणजे हळदणकरांच्या निधनसमयी त्यांचे जन्मगाव रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होते. लाखेच्या रंगांनी रंगविलेली लाकडी खेळणी आणि हाताने चितारलेले गंजिफांचे पत्ते यांसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. गावात चितारआळी नावाची आळीही आहे. या कारागिरीतील सपाट, चमकदार रंग आणि हळदणकरांच्या पुढील काळातील विरळ, पाणीदार रंग यांचा थेट संबंध जोडता येत नाही. तथापि रंगकाम हा मान्य व्यवसाय असलेल्या गावात त्यांचे बालपण गेले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

लहानपणापासून त्यांना चित्रकलेची ओढ होती. शाळेतील शिक्षकांचे प्रोत्साहन आणि संस्थानाचे साहाय्य यांमुळे १९०३ साली त्यांना मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेता आला. १८५७ साली सुरू झालेल्या या संस्थेत त्या वेळी युरोपीय अकादमिक पद्धतीचे शिक्षण दिले जात असे. प्रथम प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखांकन, त्यानंतर प्रत्यक्ष माणूस समोर बसवून अभ्यास, शरीररचना, यथार्थदर्शन आणि छायाप्रकाश अशी त्याची चढती पायरी होती. हळदणकर तेथे शिकत असताना सेसिल बर्न्स हे संस्थेचे प्राचार्य होते. बर्न्स स्वतः जलरंगांत काम करणारे असल्याने इंग्लंडमधील पारदर्शक जलरंगाची परंपरा त्यांच्या काळात मुंबईत रुजली. महादेव विश्वनाथ धुरंधर आणि गोमंतकीय चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्यासारखे व्यक्तिचित्रणात निष्णात असलेले शिक्षकही त्याच काळात संस्थेत होते.

व्यक्तिचित्रणाची तत्कालीन परंपरा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत व्यक्तिचित्र हे चित्रकाराच्या चरितार्थाचे प्रमुख साधन होते. संस्थानिक, शेठसावकार, न्यायाधीश, धर्मादाय संस्थांचे देणगीदार यांची तैलचित्रे काढून घेण्याची प्रथा होती. अशी चित्रे सभागृहात किंवा दिवाणखान्यात लावली जात. त्यांत चेहऱ्याचे साम्य, पोशाखाचा थाट आणि पदाचा रुबाब यांना महत्त्व असे. पगडीची घडी, अंगरख्याची चुण, शालीचा जरीकाठ हे सारे बिनचूक उतरले की काम पसंत होई. बैठक दिलेल्या माणसाची मनःस्थिती चित्रात उतरावी, अशी अपेक्षा मागणी करणाऱ्याची क्वचितच असे. बहुतेकदा ती त्याला नकोच असे.

मात्र याच चित्रकारांना आपल्या मनाजोगते काम करण्यासाठी दुसरी जागा उपलब्ध होती. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांत मागणीवाचून काढलेली चित्रे ठेवता येत. पेस्तनजी बोमनजी यांनी पारशी कुटुंबांतील वृद्ध माणसांची आणि घरातील शांत क्षणांची चित्रे याच वृत्तीने काढली. त्रिंदाद यांनी आपल्या घरातील माणसांना बसवून चित्रे केली. या चित्रांतील व्यक्ती कोण आहे याला महत्त्व उरत नाही. ती कोणत्या प्रकाशात बसली आहे, तिची नजर कोठे लागली आहे, तिच्याभोवती किती अंधार आहे, यांवरून प्रेक्षक तिची भाववृत्ती ओळखतो.

भाववृत्तीला केंद्रस्थान देण्याची ही रीत युरोपातील स्वच्छंदतावादाची देणगी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील चित्रकारांनी माणसाच्या हुद्द्याऐवजी त्याचे अंतर्मन रंगविण्याचा प्रयत्न सुरू केला. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा याने १८३८ साली काढलेले संगीतकार शोपँ याचे व्यक्तिचित्र हे याचे ठळक उदाहरण होय. त्यात पोशाख जवळजवळ नाहीच. अंधारातून वर येणारा चेहरा, अपुरे ठेवलेले कुंचल्याचे फटकारे आणि प्रेक्षकाला टाळणारी नजर एवढ्यावर संपूर्ण चित्र उभे आहे. जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिश याने तर माणसे पाठमोरीच रंगविली आणि चेहऱ्याचे काम धुके, आभाळ व क्षितिज यांच्यावर सोपविले. मराठीत ही जाणीव कवितेच्या वाटेने आधी आली. सावंतवाडीहून उत्तरेकडे त्याच कोकणपट्टीवर, गणपतीपुळ्याला लागून असलेल्या मालगुंड या गावचे केशवसुत (१८६६–१९०५) यांनी व्यक्तीच्या मनातील हुरहूर हा कवितेचा विषय केला. चित्रकलेत हा बदल सावकाश आणि काहीशा आडवळणाने झाला, कारण चित्रकाराचा गिऱ्हाईक कवीच्या वाचकापेक्षा अधिक खर्च करीत असे आणि म्हणून अधिक हुकूमही चालवीत असे.

हळदणकरांना स्वच्छंदतावादी चित्रकार म्हणणे काटेकोर अर्थाने बरोबर ठरणार नाही. त्यांची घडण वास्तवदर्शी अकादमिक पद्धतीत झाली आणि ते अखेरपर्यंत त्या पद्धतीशी प्रामाणिक राहिले. पण त्यांच्या गाजलेल्या व्यक्तिचित्रांतील परिणाम पाहता भाव कोठून निर्माण होतो हा प्रश्न विचारावाच लागतो आणि त्याचे उत्तर चेहऱ्यापाशी थांबत नाही.

हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट

१९०८ साली हळदणकरांनी मुंबईत स्वतःची कलाशिक्षण संस्था सुरू केली. हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट या नावाने ती प्रसिद्ध झाली. त्या वेळी त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. सरकारी कलाशाळेच्या बाहेर चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण मिळण्याची सोय त्या काळी फारच थोडी होती. खाजगी वर्ग चालविणाऱ्या चित्रकाराला शिकवणीचे उत्पन्न मिळे आणि मागणीच्या चित्रांवरच सर्वस्वी अवलंबून राहावे लागत नसे. हळदणकरांच्या बाबतीत या स्वातंत्र्याचे मोल विशेष आहे. प्रदर्शनासाठी काढलेल्या चित्रांचे विषय त्यांना स्वतः निवडता आले.

१९१८ साली हळदणकर आणि त्यांचे काही सहकारी यांनी मिळून आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जोडीला प्रदर्शनाचे आणखी एक व्यासपीठ त्यामुळे भारतीय चित्रकारांना मिळाले. संस्था पुढेही कार्यरत राहिली.

१९२५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात हळदणकरांच्या मोहमेदन पिलग्रिम या चित्राला सुवर्णपदक मिळाले. या चित्राच्या नावातच त्याची जात स्पष्ट होते. त्यात रंगविलेला यात्रेकरू हा कोणी देणगीदार नाही, नामवंत नाही आणि त्याने हे चित्र मागितलेलेही नाही. व्यक्तिचित्रणाचे सारे कौशल्य एका अनाम माणसाकडे वळविले गेले आहे. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ ब्रिटिश आर्टिस्ट्स या संस्थेच्या प्रदर्शनातही त्यांचे काम दाखविले गेले.

जलरंगाचे माध्यम

हळदणकर तैलरंगांतही काम करीत. तरी त्यांची ओळख जलरंगांनी ठरविली. व्यक्तिचित्रासाठी त्या काळी तैलरंग हेच प्रतिष्ठेचे माध्यम मानले जाई, कारण त्यात दुरुस्ती करता येते. चेहरा बिघडला तर खरवडून पुन्हा रंगविता येतो, सावली जड झाली तर तिच्यावर उजळ रंग चढविता येतो आणि चमक हवी असेल तेथे अखेरीस पांढऱ्या रंगाचा जाड ठिपका ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात यांपैकी जवळपास काहीच शक्य नसते.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरीत नाहीत. कागदाचा मूळ पांढरेपणा हाच त्यातील प्रकाश असतो. रंगाचा प्रत्येक थर कागदापर्यंत पोहोचणारा उजेड थोडा थोडा अडवितो आणि त्यामुळे चित्र फक्त अधिक गडद होऊ शकते, उजळ होऊ शकत नाही. ओल्या कुंचल्याने थोडासा रंग उचलून घेता येतो, परंतु कागद एकदा मळला की त्याची मूळची झळाळी परत येत नाही. म्हणून चित्रात सर्वांत उजळ काय असणार हे चित्रकाराला पहिल्या थराआधीच ठरवावे लागते आणि ती जागा शेवटपर्यंत राखावी लागते. दुसरी अडचण वेळेची. कागद ओला असताना लावलेला रंग पसरतो व त्याची कडा विरघळते. तोच रंग कोरड्या कागदावर लावला तर कडा धारदार उमटते. गालाची गोलाई, केसांची सीमा, पदराची चुणी यांपैकी कोठे मऊ कडा हवी आणि कोठे कठीण, याचा निर्णय कागद वाळण्याच्या आत घ्यावा लागतो.

माणसाचा चेहरा या माध्यमात रंगविणे म्हणूनच निसर्गचित्रापेक्षा अवघड समजले जाते. झाडाची फांदी बोटभर सरकली तर कोणाच्या ध्यानी येत नाही. पापणी केसभर सरकली तर माणूस बदलतो.

ग्लो ऑफ होप

हे चित्र त्यांच्या कन्येवरून काढलेले आहे. दिवाळीच्या दिवसांत हाती दिवा घेऊन, त्याची ज्योत दुसऱ्या हाताने झाकीत असलेली आपली मुलगी हळदणकरांनी पाहिली आणि ती स्थिती चित्रात आणण्याचे ठरविले. त्यासाठी कन्येला सुमारे तीन तास त्याच अवस्थेत उभे राहावे लागले होते, असे तिने वृद्धापकाळी सांगितले होते. चित्र संपूर्णपणे जलरंगांत आहे.

चित्रातील विषय अत्यंत साधा आहे. साडी नेसलेली एक तरुण स्त्री उभी आहे. तिच्या एका हातात दिवा असून दुसरा हात ज्योतीच्या आड धरलेला आहे. मागे भिंत आणि भिंतीवर तिची सावली. दालन, सामानसुमान, दागिन्यांची रेलचेल, खिडकीतून दिसणारा देखावा यांपैकी काहीही नाही. प्रसंग कोणता, स्त्री कोण, ती कोठे निघाली आहे, हे कळण्यास चित्रात कोणताही आधार ठेवलेला नाही. पौराणिक नायिका ओळखण्याच्या ज्या खुणांवर त्या काळची लोकप्रिय चित्रे उभी असत, त्या सर्व येथे वगळल्या आहेत. तरीही चित्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला त्यातील भाव क्षणात उमगतो. तो कशाच्या बळावर उमगतो हे घटकवार पाहता येते.

पहिला घटक प्रकाशाचा उगम. चित्रात प्रकाश एकच आहे आणि तो चित्राच्या आत आहे. अकादमिक व्यक्तिचित्रांत उजेड सामान्यतः उत्तरेकडील मोठ्या खिडकीतून, म्हणजे चौकटीच्या बाहेरून येतो आणि बैठक दिलेल्या माणसावर पडतो. येथे उजेड त्या स्त्रीने स्वतः हातात धरला आहे. तिचा चेहरा दिसतो तो तिच्यामुळेच आणि दिवा विझला तर ती स्वतःही दिसेनाशी होईल. चित्रातील ताण या एका योजनेतून निर्माण झाला आहे.

दुसरा घटक हात. ज्योत प्रेक्षकाला उघडी दिसत नाही, बोटांच्या आड राहते. जे दिसते ते ज्योतीने उजळलेली बोटे. जिवंत हातातून पार होणारा प्रकाश लालसर होतो, कारण रक्त आणि मांस इतर रंगांचा प्रकाश अधिक शोषून घेतात. हा अनुभव प्रत्येकाने लहानपणी दिव्यावर हात धरून घेतलेला असतो. हळदणकरांनी बोटांच्या कडा आणि त्यांमधील फटी या तांबूस पारदर्शकतेने रंगविल्या आहेत. या जागी माध्यम आणि विषय एकरूप झाले आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही. पारदर्शक रंगाच्या थरातून मागील कागदाचा पांढरेपणा जसा झिरपतो, तसाच येथे हातातून दिवा झिरपतो. तैलरंगात हा परिणाम रंगवून दाखवावा लागला असता. जलरंगात तो कागदाने आपण होऊन दिला आहे, अर्थात तेवढा कागद राखण्याची दक्षता चित्रकाराने घेतल्यामुळे.

ज्योत झाकून हातातून प्रकाश दाखविण्याची ही कल्पना युरोपीय चित्रकलेत जुनी आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर याच्या सुतार संत जोसेफ या चित्रात बाल येशूच्या हाती मेणबत्ती असून तिच्यापुढे धरलेला त्याचा हात असाच उजळलेला दिसतो. इंग्लंडमधील डर्बीचा जोसेफ राइट याने १७६८ साली रंगविलेल्या हवेच्या पंपावरील प्रयोगाच्या चित्रात मेणबत्ती काचपात्राआड दडविली आहे आणि तिच्या उजेडात भोवतीच्या माणसांचे भय, कुतूहल व करुणा वेगवेगळी उमटली आहे. दोन्ही चित्रे तैलरंगांतील असून त्यांत प्रकाश पाहणारी अनेक माणसे आहेत. हळदणकरांच्या चित्रात स्त्री एकटी आहे आणि प्रकाशाची राखणही तीच करीत आहे.

तिसरा घटक प्रकाशाची दिशा. खालून येणारा प्रकाश चेहऱ्याला भीषण करतो, हा रंगभूमीवरील नेहमीचा अनुभव आहे. नाकाची सावली कपाळाकडे चढते, डोळ्यांच्या खोबण्या उलट्या उजळतात आणि ओळखीचा चेहराही परका वाटू लागतो. दिवा छातीच्या उंचीवर असताना हा धोका होताच. परंतु आडव्या हातामुळे थेट उजेडाचा बराचसा भाग अडला आहे आणि चेहऱ्यावर पोहोचणारा उजेड मवाळ झाला आहे. हनुवटी, ओठ आणि गाल यांवरील छटा एकीतून दुसरीत इतक्या हळूवार जातात की धारदार रेषा कोठे सापडत नाही. जो हात कथेच्या दृष्टीने ज्योतीला वाऱ्यापासून वाचवितो, तोच रचनेच्या दृष्टीने चेहऱ्याला ज्योतीपासून वाचवितो.

चौथा घटक सावली. लहान दिवा माणसाच्या जवळ असला की मागील भिंतीवर सावली मोठी पडते. चित्रातील सावलीला असेच आकारमान आहे. ती स्त्रीच्या मागे, तिच्या नजरेबाहेर राहते. चित्रातील उबदार भाग जितका लहान आहे तितका त्याचा आधार मोलाचा वाटतो, आणि ही तुलना प्रेक्षकाच्या मनात सावलीमुळेच उभी राहते. पार्श्वभूमी एकसारख्या उजेडात रंगविली असती तर तेच पात्र, तीच ठेवण आणि तोच चेहरा असूनही चित्र केवळ देखणे ठरले असते.

चेहऱ्याचा उल्लेख या क्रमात शेवटी येतो याला कारण आहे. चेहरा शांत आहे. त्यावर आनंद, चिंता किंवा भक्ती यांपैकी एकही भाव ठळकपणे रेखाटलेला नाही आणि नजरही प्रेक्षकाशी संवाद करीत नाही. हा चेहरा वेगळा काढून पाहिला तर त्यावरून आशा असा अर्थ कोणी निश्चितपणे सांगू शकणार नाही. चित्राचे प्रचलित नाव तो अर्थ सुचविते, हे खरे. पण नाव बाजूला ठेवले तरी जपणूक, एकाग्रता आणि किंचित धास्ती हे भाव शिल्लक राहतात, कारण ते हातात, प्रकाशात आणि सावलीत साठविलेले आहेत. आशा हे त्यांचे एक वाचन झाले. वाऱ्याची भीती हेही तितकेच योग्य वाचन ठरेल. चित्रात वारा कोठेही दिसत नाही, तरी आडवा धरलेला हात त्याची साक्ष देतो.

मराठी प्रेक्षकाला या चित्राकडे जाण्याची आणखी एक वाट आहे. दिवेलागणीच्या वेळी माजघरातून पेटविलेला दिवा तुळशीवृंदावनापर्यंत नेताना तळहाताचा किंवा पदराचा आडोसा धरणे ही कोकणातील घरोघरीची नित्याची कृती होती. वीज येण्यापूर्वीच्या घरात मोठे झालेल्या माणसाला ही हालचाल पाठ असे. अशा प्रेक्षकाला चित्रातील स्त्री प्रथम प्रतीक म्हणून दिसत नाही, घरातले माणूस म्हणून दिसते. प्रतीकाचा अर्थ त्यानंतर, सावकाश येतो. चित्राला लाभलेली व्यापक लोकप्रियता केवळ तंत्राच्या नवलाईने स्पष्ट होत नाही. तिच्या मुळाशी ही ओळखही आहे.

कर्तृत्वाविषयीचा गैरसमज

जगन्मोहन राजवाडा १८६१ साली बांधला गेला आणि १९१५ साली त्यात कलादालन सुरू झाले. पुढे म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचे नाव त्या दालनास देण्यात आले. या संग्रहात राजा रविवर्मा यांची अनेक तैलचित्रे आहेत आणि प्रेक्षक प्रामुख्याने तीच पाहण्यासाठी येतात. त्याच इमारतीत साडी नेसलेल्या स्त्रीचे वास्तवदर्शी चित्र दिसल्यावर ते रविवर्मांचेच असावे असा समज होणे स्वाभाविक होते. प्रवासवर्णनांतून आणि छापील प्रतिकृतींतून तो समज पसरत गेला.

हा समज तीन कारणांनी टिकत नाही. रविवर्मांचे निधन १९०६ साली झाले. ज्या कन्येवरून हे चित्र काढले गेले तिचा जन्मच त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी झाला. दुसरे कारण माध्यमाचे. रविवर्मांची कीर्ती तैलरंगांवर उभी आहे आणि हे चित्र पारदर्शक जलरंगांतील आहे. तिसरे कारण दृष्टीचे आहे आणि कलेच्या अभ्यासकाला ते अधिक महत्त्वाचे वाटेल. रविवर्मांच्या स्त्रिया बहुधा एखाद्या कथेच्या मध्यात उभ्या असतात. शकुंतला पायातील काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून पाहते, दमयंती हंसाचे बोलणे ऐकते. त्यांचा भाव कळण्यासाठी कथा ठाऊक असावी लागते आणि ती ठाऊक असणाऱ्या प्रेक्षकाला त्यांच्या मुद्रेतून तो वाचता येतो. हळदणकरांच्या चित्राला अशी कथा नाही. त्यातील भाव मुद्रेवरून वाचण्याची सोय चित्रकाराने जवळजवळ ठेवलेलीच नाही. दोघेही वास्तवदर्शी आणि दोघांच्याही चित्रांत साडीतील भारतीय स्त्री एवढ्या साम्यावरून एकाचे काम दुसऱ्याच्या नावे टाकणे म्हणजे चित्राचा विषय पाहून प्रकाश न पाहणे होय.

या गोंधळाची झळ हळदणकरांच्या इतर कामालाही लागली. त्यांचे नाव एका चित्रापुरते उरले आणि त्या चित्रावरूनही ते बऱ्याचदा पुसले गेले. जलरंगातील चित्रे तैलचित्रांइतकी उजेड सहन करीत नाहीत. तीव्र उजेडाने त्यांचे रंग फिके पडतात आणि दमट हवेत कागदावर डाग येतात. म्हणून ती सतत प्रदर्शनात ठेवणे संग्रहालयांना परवडत नाही. जलरंगातील चित्रकाराचे बहुतांश काम त्यामुळे लोकांच्या नजरेआड राहते.

छापील प्रतिकृतींनी ग्लो ऑफ होपची प्रसिद्धी वाढविली, पण त्यातील प्रकाशाला त्यांनी न्याय दिला असे म्हणता येत नाही. छपाईत भोवतीचा काळोख सपाट होतो, सावली आणि भिंत यांमधील छटा नाहीशा होतात आणि बोटांतील लाली शेंदरी रंगाचा ठिपका बनते. पाहणाऱ्याचे लक्ष मग उरलेल्या गोष्टींकडे, म्हणजे स्त्रीच्या चेहऱ्याकडे आणि साडीकडे जाते. चित्र रविवर्मांचे वाटण्यास याचाही हातभार लागला असावा.

कुटुंब आणि निधन

हळदणकरांचे पुत्र गजानन हळदणकर हेही जलरंगांत काम करणारे चित्रकार म्हणून प्रसिद्ध झाले. ज्या कन्येला समोर उभे करून ग्लो ऑफ होप काढले गेले, ती वयाची शंभरी ओलांडून २०१८ साली कोल्हापूर येथे निवर्तली. वृद्धापकाळी तिच्या भेटीचे वृत्तांत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले आणि त्यांतून चित्राच्या खऱ्या कर्त्याचे नाव पुन्हा एकदा लोकांपुढे आले.

३० मे १९६८ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी, सावळाराम हळदणकर यांचे निधन झाले.